भुताच्या राइडमध्ये आजीलाही बसवायचंय

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, ताई गोव्यातल्या डिचोलीच्या, मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्स चांगलं, आणि तिला अम्युझमेंट पार्कमधल्या भुताटकीच्या भागासाठी राइड्स डिझाइन करायच्यात, त्यासुद्धा लहान पोरांना मांडीशी घेऊन बसता येईल अशा. घरच्यांचं म्हणणं फार्मसी कर, वेर्ण्याला औषध कंपन्या आहेत, रात्री घरी जेवायला येशील. ताईंनी शेवटी विचारलंय, "भुतं करायला शिकवणारं कॉलेज असतं का, की पोरगी आमची मस्करी करतेय?"

मस्करी नाही करत. हे मला कशावरून कळलं तर तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या एका गोष्टीवरून. मे महिन्यात मुंबईला गेलात, मॉलमधल्या भूतघरात शिरलात, धाकटा दारातच रडायला लागला म्हणून आजी त्याला घेऊन बाहेर बाकड्यावर बसली, आणि बाहेर आल्यावर तुमची मुलगी म्हणाली की हे चुकीचं बनवलंय, सहा जणांतले दोघं बाहेरच राहिले. बाकीची पोरं आपण किती घाबरलो ते सांगत असतात, हिने बाकड्यावरची माणसं मोजली. फॅमिली राइड म्हणतात ती हीच हो. जत्रेत आकाशपाळण्याखाली कोणीतरी चपला, पिशव्या आणि खाज्याचा पुडा सांभाळत उभं असतं ना, त्या माणसाला वर बसवायचं, एवढंच काम, आणि ते भयंकर कठीण आहे.

घाबरवणं सोपं. काळोख करा, कानाशी भोंगा वाजवा, झालं. पण सहा वर्षांचं पोर, कॉलेजातली ताई आणि गुडघे दुखणारी आजी एकाच गाडीत असताना तिघांनाही थोडं थोडं, आपापल्या वाट्याचं घाबरवायचं आणि शेवटी हसवून उतरवायचं, तिथे कस लागतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली हाँटेड मॅन्शन ही भूतबंगल्याची राइड सुरू झाली, ती बनवताना हाच वाद होता. डिस्नेचे दोन डिझायनर, त्यातले क्लॉड कोट्स म्हणत होते नुसतं भीतीदायक वातावरण ठेवू, मार्क डेव्हिस म्हणत होते भुतांची गंमत करू. शेवटी दोन्ही ठेवलं, आधी रिकामे लांबलचक पॅसेज, कोणी नसताना वाजणारी दारं, आणि मग स्मशानात नाचगाणी करणारी भुतं. माझ्या मते तडजोडीतूनच ती राइड इतकी चांगली झाली, आणि आजही तिच्यात बसायला उंचीची अट नाही.

त्यातल्या गाड्यांची सिस्टिम मुलीला नक्की बघायला सांगा, ऑम्निमूव्हर म्हणतात. गाड्यांची एक अखंड साखळी, फिरतच राहते, आणि प्रत्येक गाडी ठरलेल्या जागी ठरलेल्या बाजूला वळते. म्हणजे बसणाऱ्याने कुठे बघायचं ते डिझायनर ठरवतो, आणि पोराने काय बघायचं नाही तेसुद्धा! शिवाय रांग पुढे सरकत राहते. साधा हिशोब बघा, वीस जणांची खेप दर चार मिनिटांनी सोडली तर तासाला तीनशे माणसं होतात, आणि गर्दीच्या दिवशी बाहेर हजार उभी असतात, उन्हात, कडेवर पोरं घेऊन, मग तुमचं भूत कितीही भारी असो, लोक वैतागूनच आत शिरणार.

भुताची युक्तीपण जुनीच आहे. पेपर्स घोस्ट, लंडनमध्ये १८६२ साली स्टेजवर दाखवली, तिरकी काच लावायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी माणूस उभा करून त्याच्यावर उजेड टाकायचा, की काचेत तो अर्धवट पारदर्शक दिसतो. रात्रीच्या कदंब बसमध्ये खिडकीच्या काचेत आपलं तोंड बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतं ना, तेच.

आता तुम्हाला एक भीती आहे ती मला खरी वाटते, की हे भुताखेतांचं काम, आपल्याकडे चालेल का. चालेल, पण कुठलं भूत घ्यायचं ते कळायला हवं. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये २०१३ साली मिस्टिक मॅनर नावाची तशीच राइड उघडली, तिथे मेलेल्या माणसांची भुतं घेतलीच नाहीत, कारण तिकडे पूर्वजांना मान असतो. तिथे एक जादूची पेटी उघडते आणि वस्तू जिवंत होतात. आपल्याकडे देवचाराचं तसंच आहे. तो गावाचा राखणदार, त्याला लोक रोट, म्हणजे जाड भाकरी, ठेवतात, त्याला प्लास्टिकचे दात लावून पोरांवर उडी मारायला लावली तर अख्खा वाडा, म्हणजे वस्ती, पेटून उठेल आणि बरोबरच आहे. नरकासुराचं वेगळं, त्याचा पुतळा दिवाळीला पहाटे जाळायचाच असतो, त्याच्यावर हसलं तर कोणाचं काही जात नाही.

आणि नरकासुरावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय की गेल्या दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराची मान हिने जुन्या गाडीच्या वायपर मोटरवर फिरवली आणि बक्षीस घ्यायला मुलगे गेले. ताई, ही तक्रार नाही, हा पोर्टफोलिओ आहे! फोटो, व्हिडिओ, कागदावरचं स्केच, काय जळलं, काय तुटलं, सगळं एका वहीत ठेवायला सांगा. शिगम्याच्या चित्ररथांवर हलणारे देखावे करणारी माणसं तुमच्या तालुक्यात असतील, सुट्टीत त्यांच्या हाताखाली महिनाभर वेल्डिंग शिकली तर कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकेल.

कॉलेज. भुतं करायचं नाही, पण रस्ते दोन आहेत. एक, मेकॅनिकल इंजिनिअरिंग, फर्मागुडीला गोवा इंजिनिअरिंग कॉलेज आहेच, डिचोलीहून लांब नाही. दुसरा, डिझाइन, त्यासाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा किंवा अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट परीक्षा. मी हिच्यासाठी मेकॅनिकलच सांगेन, कारण डिझाइनवाली मुलं चित्र सुंदर काढतात पण राइडमध्ये शेवटी माणूस बसतो. सीटवरून पोराने हात कितीही लांब केला तरी तो कशालाच लागता कामा नये, एवढी जागा आधी मोजून मग भूत उभं करायचं. एका गाडीच्या टप्प्यात दुसरी शिरली तर राइड चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, कंट्रोलरने, आपणहून थांबवलं पाहिजे. काळोखातून बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. १९८४ साली न्यू जर्सीतल्या एका पार्कात भूतघराला आग लागून आठ तरुण मुलं गेली, आत स्प्रिंकलर नव्हते. हे तिला मुद्दाम सांगा, घाबरवायला नाही, काम काय आहे ते कळायला.

नोकरीचं सरळ सांगतो, गोव्यात राहून हे होणार नाही, निदान सुरुवातीला नाही. खोपोलीचं इमॅजिका, कोची-बंगळुरूचं वंडरला (ते काही राइड्स स्वतःच बनवतात), राइड बनवणाऱ्या फॅक्टऱ्या, अशा ठिकाणी जावं लागेल, आणि पहिलं काम डिझाइनचं मिळणार नाही, मेंटेनन्सचं मिळेल. सकाळी पार्क उघडायच्या आधी बोल्ट तपासायचे, ग्रीस लावायचं, पावसात गंजलेलं बदलायचं. तुम्हाला वाईट वाटेल, इंजिनिअर होऊन पोरगी ग्रीस लावते म्हणून, पण जिने दोन वर्षं राइड दुरुस्त केली तिची ड्रॉइंग्ज लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीजचं प्रदर्शन मुंबईत भरतं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर एकदा नेऊन आणा, तिथे राइड बनवणारे समोरासमोर भेटतात. आणि मन बदललंच तर मेकॅनिकलची डिग्री वाया जात नाही, वेर्ण्याच्या त्या औषध कंपन्यांतसुद्धा मशिनं असतातच की.

एक काम मात्र माझ्याकडून तिला द्या. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला जाईल तेव्हा पाळण्यात न बसता तासभर खाली उभी राहू दे, आणि कुठलं पोर कुठल्या क्षणी बापाच्या खांद्यात तोंड लपवतं आणि परत कधी एक डोळा उघडून बघतं, ते वहीत लिहू दे. ती वही मला पाठवा. धाकट्यालाही न्या बरोबर, त्याचं मत तिच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

फार्मसीचा फॉर्म भरायचा तर भरून ठेवा, आजीचं समाधान.