सिरॅमिक ब्रॅकेट काढताना दाताचा टवका निघतो का? हे कुणी तपासून पाहतं का?

तपासतात की! लेकीला सिरॅमिकचे ब्रॅकेट (दात सरळ करायला दातांवर चिकटवतात ते छोटे तुकडे) लावायचे म्हणून तुम्ही विचारलंय, म्हणून सांगते. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी मी हेच केलं. जागा करण्यासाठी ज्या उपदाढा काढतात त्या मागून आणायच्या आणि जंतुनाशक थायमॉलच्या पाण्यात घालून ठेवायच्या. (ती बरणी होस्टेलच्या फ्रीजमध्ये ठेवल्यावर काय झालं, ते विचारू नका.)

दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात उभा रोवायचा. ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट लावून धुतलं आणि वाळवलं की इनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) खडूसारखं पांढरं दिसतं. त्यावर ब्रॅकेट चिकटवायचा, निळ्या लाइटने गोंद पक्का करायचा. तोंडात चहाही जातो आणि आइस्क्रीमही, म्हणून ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून ५०० फेऱ्या. मग इंजिनिअरिंग कॉलेजातलं मशीन. त्याचं पातं मिनिटाला १ मिलिमीटर सरकत ब्रॅकेटवर दाब देतं. बराच वेळ काहीच होत नाही, आणि एकदम 'टक्'! धातूचा ब्रॅकेट आधी जरा वाकतो. सिरॅमिक वाकत नाही.

६ ते ८ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) पकड पुरे, असं १९७५ पासून धरतात. माझे सिरॅमिकवाले १० च्या पुढे गेले, म्हणजे इवल्याशा ब्रॅकेटवर साधारण १२ किलोचा भार. मी खुशीत आकडे घेऊन गेले तर सर म्हणाले, "आकडा राहू दे, दात दाखव."

भिंगाखाली बघायचं ते हे: गोंद कुठे उरलाय? दातावर उरला तर उत्तम, कारण तडा ब्रॅकेट आणि गोंदाच्या मधून गेला. दात स्वच्छ निघाला की धास्ती, कारण तडा इनॅमलला चाटून गेला. १९८० च्या दशकातले सुरुवातीचे सिरॅमिक ब्रॅकेट सिलेन नावाचं रसायन लावून रासायनिक पद्धतीने चिकटायचे. पकड इतकी जबर, की काढताना इनॅमलचे टवके निघत. आता बहुतेकांच्या तळाला खाचा-खळगे असतात, गोंद त्यांत नुसता अडकतो.

त्यामुळे धडधाकट दाताला सहसा काही होत नाही. आधीच चीर असलेला किंवा मोठं फिलिंग केलेला दात असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा. काढताना ब्रॅकेटचाच पंख तुटून उडाला तर घाबरू नका, उरलेला तुकडा पाणी मारत घासून काढतात.

आणि लेकीचे वरचे दात खालच्यांवर खोल येत असतील तर खाली धातूचेच लावा. सिरॅमिक इनॅमलपेक्षा कठीण, वरचे दात झिजवतं. हळदीने पिवळं पडतं ते बहुधा ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारं रबर, ते दर भेटीत बदलतात.