जुन्या शहराचा पुनर्विकास आणि पर्यावरण सल्लागाराची निविदा

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी-शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास करायचा झाल्यास महानगरपालिकेने पर्यावरणविषयक आढाव्यासाठी सल्लागार दर पाहून नेमावा की अनुभव पाहून, असे आपण विचारले आहे. अशा काही निविदांच्या छाननीत मी बसलो आहे. माझ्या मते दराचा विषय नंतरचा आहे. खरी गडबड कार्यकक्षा, म्हणजे सल्लागाराने नेमके काय करायचे ते, मोघम लिहिण्यात होते.

केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणीय पूर्वमंजुरी लागते, मात्र बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे दुकानदार, हातगाडीवाले आणि वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडे यांचे म्हणणे नोंदवून घ्यायचे असेल, तर तशी अट निविदेतच घालावी लागते. दुसरे असे की, हवा-पाण्याची मूळ आकडेवारी पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली तरी नियमाला चालते. आपल्याकडे मात्र खाम नदी आणि नाल्यांचे खरे रूप पावसाळ्यातच दिसते. म्हणून पावसाळ्यातील पाहणी स्वतंत्रपणे मागावी. जुन्या शहराच्या पोटात मलिक अंबरच्या काळातील नहर (भूमिगत जलवाहिनी) आहे, तेव्हा पाया किंवा तळघर खोदण्याआधी तिच्या मार्गाची आखणी करून देणे हेही सल्लागाराचेच काम म्हणून लिहावे.

एकदा आमच्यापुढे आलेल्या अहवालात प्रकल्पस्थळाची माती ‘जांभ्याची’ असल्याचे नमूद होते. मराठवाड्याच्या काळ्या बेसाल्टवर जांभा! कोकणातील एखाद्या कामाची पाने जशीच्या तशी उचलली होती, हे उघड होते. तेव्हापासून मी नाबेटचे (पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) मानांकन बांधकाम क्षेत्रासाठीच आहे ना, हे तपासतो. शिवाय भूजल, हवा, वाहतूक या विषयांच्या तज्ज्ञांची नावे, त्यांच्या स्थळभेटींच्या तारखा आणि अहवालाच्या प्रत्येक प्रकरणावर सह्या मागतो. तांत्रिक गुणांना दरापेक्षा जास्त भार द्यावा, हे ओघानेच आले.

राहिले देयकांचे. शेवटचा हप्ता मंजुरी मिळण्यावर कधीही अवलंबून ठेवू नये. तसे केल्यास सल्लागार अडचणी दाखवण्याऐवजी झाकू लागतो. मंजुरीपूर्वी प्रकल्प तपासणाऱ्या राज्य मूल्यांकन समितीच्या शंकांना लेखी उत्तरे देऊन झाल्यावर, निकाल काहीही लागो, हा हप्ता अदा करावा.