गोकर्णाचा वेल प्रथमच लावणाऱ्यास

गोकर्णाचे बी थेट मातीत टाकून आपण पंधरा दिवस वाट पाहिलीत, तरी ते रुजले नाही, यात बियाण्याचा दोष नसावा. त्याचे कवचच इतके टणक असते की पाणी सहजासहजी आत शिरत नाही. बियांची एक कड सँडपेपरवर हलकेच घासून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवाव्यात आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्याच अर्धा इंच खोल पेराव्यात. उरलेल्या पुन्हा घासाव्यात.

भरपूर ऊन, निचऱ्याची माती आणि चढायला जाळी मिळाली, की हा वेल फारसे काही मागत नाही. शेणखत मात्र सढळ हाताने घालू नये, कारण हे शेंगवर्गीय झाड मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र स्वतःच मिळवते, आणि वरून आणखी नत्र दिला तर पानांचा नुसता मांडव होतो. (आमच्याकडे पहिल्या वर्षी तेच झाले.) शेंगा कोवळ्या असतानाच खुडाव्यात, नाहीतर फुलणे मंदावते, बियाण्यासाठी दोन-चार राखल्या म्हणजे पुरे.

पेयासाठी निळ्या फुलांचाच वेल निवडावा. हिरवा देठ काढून पाच-सहा फुले गरम पाण्यात टाकावीत; पाणी गडद निळे होते आणि लिंबू पिळताच जांभळे. मलेशियात याच रंगाने नासी केराबू हा भात निळा करतात. बिया व मुळे रेचक असल्याने पोटात घेऊ नयेत, आणि कीटकनाशक फवारलेल्या वेलाची फुले देवालाच वाहावीत.