मुलीला पार्षद व्हायचंय आणि आईची झोप उडाली आहे

मेलबर्नहून एका आईंचं पत्र आलं आहे, चांगलं चार पानी. मूळच्या आपल्या इंदूरच्या, रामबागेतल्या. मुलगी पंचविशीची. शिकायला म्हणून आजीजवळ इंदुरात राहिली आणि तिथलीच झाली. आता 2027 च्या नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीत पार्षद (नगरसेवक) व्हायला उभं राहायचं म्हणते. आई लिहितात, "नदी, झाडं, मोहल्ल्यातले प्रश्न, तरुणांचे प्रश्न, बोलायला सगळं छान आहे हो ताई. पण आम्ही इथे इतकी वर्षं राबलो ते तिने दारोदार हात जोडत फिरावं म्हणून का? राजकारण आपल्यासारख्यांचं काम नव्हे. तुम्हीच तिला समजवा."

समजवायचं कुणाला, ते आधी ठरवू या.

बाई, तुमची काळजी मला कळते. मुलगी एका खंडात, आपण दुसऱ्यात, आणि रात्री दोनला फोन वाजला की छातीत धस्स होतं. हे सगळं मीही भोगलंय. पण "आपल्यासारख्यांचं काम नव्हे" हे वाक्य इंदूरच्या मराठी माणसाने लिहावं? ज्या सरवटे बसस्टँडवरून तुम्ही सुट्टीत आजोळी गेला असाल, ते ज्यांच्या नावाचं आहे ते सरवटे संविधान सभेत होते. आणि सुमित्राताई महाजन? चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला आली, 1982 मध्ये पार्षद झाली, 1984 मध्ये उपमहापौर. 1989 पासून सलग आठ वेळा खासदार आणि शेवटी लोकसभेच्या अध्यक्ष. त्यांचा पक्ष तुम्हाला आवडो न आवडो, सुरुवात वॉर्डातूनच झाली होती.

आता माझा आवडता विषय. नेहमीचे वाचक हसतील, हसू देत. मुलीचं नाव यादीत आहे का?

तुमच्या चार पानांत लग्न आहे, पैसा आहे, गुंड आहेत, उन्हाळा आहे. मतदारयादीचा मात्र एक शब्द नाही. पासपोर्ट भारतीयच ठेवलाय असं तुम्ही लिहिता, ते उत्तम. (बाकीच्यांनीही ऐका: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर भारतात ना मत देता येतं, ना उभं राहता येतं. दर वर्षी कुणीतरी मला हे विचारतंच.) वयाची अट 21, ती पार झाली. राहिली यादी. विधानसभेची यादी वेगळी आणि नगर निगमची वेगळी, ती राज्य निर्वाचन आयोग करतो. एकीत नाव असलं म्हणजे दुसरीत असेलच असं नाही. 2025 च्या अखेरीस मध्य प्रदेशात विधानसभेच्या यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा परदेशातल्या किती जणांनी घरी फोन करून विचारलं? तुम्ही विचारलंत?

आमच्या घरचं सांगते. माझे धाकटे दीर एकदा अपक्ष उभे राहिले होते. पोस्टर झाली, रिक्षावर भोंगा झाला, रोज सकाळी कार्यकर्त्यांना पोहे-जलेबी झाली. मतदानाच्या दिवशी कळलं की आमच्याच गल्लीतली निम्मी घरं शेजारच्या वॉर्डात गेली आहेत, आणि सासूबाईंचं नावही तिकडच्याच अशा बूथवर, जिथे जायला त्यांना रिक्षा करावी लागली. सख्ख्या आईचं मत त्यांना पडूच शकलं नाही! अनामत गेली. त्याच वॉर्डात जी बाई निवडून आली ती आधीचं वर्षभर यादीचे कागद पिशवीत घालून फिरत होती. या घरातले आजोबा गेले, नाव काढा. या घरात सून आली, नाव घाला. हा मुलगा अठराचा झाला, फॉर्म भर रे. भाषण म्हणून तिने कधी केलंच नाही.

तुमच्या मुलीला मी हेच सांगेन. निवडणुकीला अवकाश आहे. तिने वॉर्डाची यादी घ्यावी, भाग-भाग करून, आणि संध्याकाळी दार वाजवावं. नाव तपासायला आलेल्या मुलीला लोक चहा देतात, मत मागायला आलेल्याला दारातूनच "हो हो" म्हणतात. आणि चहाबरोबर बाकी सगळं आपोआप कळतं. कुणाचं सांडपाणी अजून नाल्यात जातं, कुठला दिवा बंद आहे, कुठल्या घरातली मुलगी अंधारामुळे क्लासला जात नाही. मराठी घरांवर थांबू नये. रामबागेत सुद्धा नुसत्या मराठी मतांवर कुणी जिंकत नाही, तेव्हा हिंदी झकास हवी आणि माळवी समजायला हवी.

तिचे मुद्दे चांगले आहेत, फक्त ते गल्लीत उतरायला हवेत. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर झालं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, आणि स्वच्छतेत 2017 पासून सलग सात वेळा पहिला नंबर आला. तरी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्या हो), जिथे कान्ह आणि सरस्वती या आपल्या नद्या भेटतात, तिथे उन्हाळ्यात पाच मिनिटं उभी राहा म्हणावं. उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी तिथल्या क्षिप्रेत जाऊ नये म्हणून बंद नलिकेतून वळवताहेत, ते सरकारचं काम आहे. पार्षदाचं काम म्हणजे आपल्या वॉर्डातल्या कोणत्या घरांची ड्रेनेज लाइन जोडलेलीच नाही, हे माहीत असणं. तरुणांचंही तसंच. भंवरकुव्याच्या क्लासेसमधल्या मुलांच्या पीएससी परीक्षेचं भोपाळचं सरकार बघेल. वॉर्डातलं वाचनालय रात्री उघडं ठेवणं, मैदानातला मांडव वेळेवर उतरवणं, हे नगर निगमला जमतं.

पैशाचं विचारलंत. "आमच्या मंडळातले लोक वर्गणी काढू म्हणतात." मुळीच नको! उमेदवाराला परदेशी संस्थेचा किंवा परदेशी नागरिकाचा पैसा घ्यायला परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याने बंदी आहे, आणि तुमचं मेलबर्नचं मंडळ ही परदेशी संस्थाच. नातेवाइकांना सूट आहे, पण तुम्ही दोघं आता ऑस्ट्रेलियन नागरिक. तेव्हा एक रुपया पाठवण्याआधी इंदूरच्या सीएला विचारा. आणि हो, तुमचा तो कुलूपबंद फ्लॅट, त्याचा संपत्ती कर भरलाय? आमच्या दिरांच्या वेळी विरोधकांनी सगळ्या भावांच्या थकबाकीची यादी चौकात वाचून दाखवली होती.

वॉर्डाचं आरक्षण बरंचसं चिठ्ठीने निघतं. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण तिचाच वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गात गेला तर शेजारच्या वॉर्डाचा विचार करावा लागेल. पक्षाचं तिकीट घ्यायचं की अपक्ष राहायचं, ते तिचं ती बघेल. गुंडांची भीती निवडणुकीत असते त्याहून जास्त तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. लग्नाचं म्हणाल तर माझ्या भाचीचं स्थळ सोसायटीच्या मीटिंगमध्ये जमलं, एवढंच सांगते.

रविवारी आजींना फोन कराल तेव्हा त्यांचं नाव कुठल्या बूथवर आहे ते विचारा, आणि मला कळवा.