माझे पाय बोटीवर असतात

प्रिय बाय,

तुझी शिक्षिकेच्या नेमणुकीची ऑर्डर आल्याचं काल तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं, आणि वाळपईहून सकाळी एकच कदंबा बस. आईचा आवाज जरा पडला होता. मला हसू आलं. १९८९ साली माझी ऑर्डर आली तेव्हा माझी आई म्हणाली होती, "एवढ्या रानात शिकवणार कोणाला, गव्यांना?" गवे खरंच यायचे, पण शाळा सुटल्यावर.

पाठ टाचण, मूल्यमापन, नोंदवह्या हे सगळं पर्वरीच्या डायटमध्ये, शिक्षक प्रशिक्षणात, तुझं दोन वर्षं घोटून झालं आहे. त्यातलं मी काही सांगणार नाही. माध्यान्ह आहाराचा हिशेब रोजच्या रोज लिही, महिनाअखेरीला ठेवू नकोस, एवढं सांगते आणि कागदांचा विषय संपवते.

पहिला महिना पावसाचा. शाळेवर पत्रे असले तर सत्तरीचा पाऊस काय असतो ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी पहिली दोन वर्षं ओरडून घसा बसवून घेतला. मग एका दुपारी हात टेकले, फळ्यापुढे उभी राहिले आणि नुसते ओठ हलवले. ओठांवरून शब्द ओळखायचा आणि पाटीवर लिहायचा. मी म्हटलं "मामा". अर्ध्या पाट्यांवर "बाबा" आलं, दोघांनी "पापा" लिहिलं, आणि मागच्या एकाने ठासून "भाभा". मी म्हटलं "बांगडा", तर एका पाटीवर "माकड" लिहिलेलं, आणि लिहिणारा माझ्याकडे टक लावून बघतोय, की खरंच मला म्हणालात का? प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत, हे मी तोवर तीनदा शिकवून झालं होतं. त्या दिवशी मुलांनी ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून आपलं आपणच शोधून काढलं. पुढे पावसाचा आवाज वाढला की मुलंच पाट्या काढून बसायची.

आता खरं सांगायचं ते. मुलं चुकीची उत्तरं देतील आणि तुला हसू येईल. येऊ दे. पण हसायच्या आधी एकदा विचार, "असं का रे?" त्या एका प्रश्नावर माझी पस्तीस वर्षं मजेत गेली.

दुसरीला वजाबाकी चालू होती. माडावर दहा नारळ होते, चार पाडले, किती उरले? सगळे बोटं मोडून सहा म्हणाले. एक पोरगा म्हणाला, "शून्य." दुसऱ्यांदा विचारलं, तरी शून्य. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, असं का रे? तो म्हणाला, "टीचर, पाडेली तीन म्हयन्यांनी एकदा येतो. तो माडावर चढून चारच पाडून खाली कसा उतरेल?" पाडेली म्हणजे नारळ पाडणारा. आता याला काय उत्तर देणार? बापाबरोबर बागायतीत फिरणारा पोरगा तो. पाडेली मिळायची किती मारामार असते ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी गणित बदललं. नारळ जमिनीवर ठेवले आणि त्यातले चार बाजाराला पाठवले. लगेच सहा आले. त्याला वजाबाकी येत होती, नारळ कसे पाडतात ते मला येत नव्हतं.

तपासणीचा एक किस्सा. भागशिक्षणाधिकारी आले होते. साहेबांनी चौथीला विचारलं, गोव्यात तालुके किती? भिंतीवरचा नकाशा जुना, त्यात अकराच. हुशार मुलीने वळून मोजून अकरा सांगितले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, माझ्या पोटात गोळा. धारबांदोडा २०११ साली वेगळा झाला, हे मी शिकवलं होतं का, तेच मला आठवेना. तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून, न विचारता, एक हात वर. "बारा! माझी मावशी धारबांदोड्याला दिलीय." साहेब एवढे हसले की पुढचे प्रश्न विसरले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने खडूने नकाशावर धारबांदोडा काढला. वेगळा झालेला तालुका त्याने थेट फोंड्याच्या मधोमध बसवला, वर मावशीचं घरही दाखवलं. मी तो पुसला नाही.

आहाराच्या वेळी मात्र डोळा ठेवून अस. पहिलीची मुलं म्हणजे दात पडायचं वय. बचतगटाच्या बायका पावभाजी घेऊन आल्या होत्या, सगळी मुलं ओळीत बसून खात होती. एक लहानगा पाव हातात धरून माझ्याकडे आला. डोळे एवढे मोठे. "टीचर, पावाला दात आला." बघते तर पावात खरंच दात रुतलेला! स्वतःचा पडलाय हे त्याच्या गावी नव्हतं. ओठाला थोडं रक्त होतं. ते दिसलं असतं तर वाडा गोळा झाला असता, म्हणून आधी चूळ भरायला लावली आणि मग आरसा दाखवला. खिडकीबाहेर एक आजोबा नातीला न्यायला येऊन थांबायचे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६३ नंतर गावोगाव शाळा काढल्या, त्यातल्या आमच्या शाळेच्या पहिल्या तुकडीतले ते. तिथूनच ते म्हणाले, "कौलांवर टाक, कौलांवर!" आमच्यावर तोवर पत्रे आले होते. दात खडखडत परत खाली आला. तिसऱ्या खेपेला एकदाचा वर राहिला. ती सगळी दुपार त्यात गेली, आणि मला तिचं काही वाईट वाटत नाही.

आता माझी एक चूक सांगते. ही मी कोणाला फारशी सांगितलेली नाही.

आपली मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी लिहितात. "माजर" आणि "मांजर" यांच्यामध्ये ती दिवसातून दहा वेळा ये-जा करत असतात. तू पण तशीच वाढलीस, मी पण. माझ्या तिसरीत एक ख्रिस्ती मुलगी होती. वाड्यावर दुसरी शाळा नव्हती म्हणून आमच्यात आलेली. "माझे बाबा" असा निबंध होता. तिच्या घरी बापाला "पाय" म्हणतात. बाप जहाजावर नोकरीला. तिने लिहिलं, "माझे पाय बोटीवर असतात. ते सहा महिन्यांनी घरी येतात. माझे पाय खूप गोरे आहेत. ते आले की आई शाकुती करते."

मी मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग लोळला. मी पण हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती नुसती बघत राहिली. नंतर शेजारणीला तिने हळूच विचारलं, कित्याक हांसतात? आणि शेजारणीने तिला आपला पाय उचलून दाखवला.

त्यानंतर पंधरा दिवस ती पाटीवर तारीख सोडून काही लिहीना. मी काय काय केलं म्हणून सांगू! शब्द समजावला, शाबासकी दिली, वहीवर तारा काढला. काही उपयोग झाला नाही. नाताळाच्या सुट्टीआधी एक दिवस उंचापुरा माणूस दारात उभा राहिला. हातात चॉकलेटची पिशवी. ती त्याचा हात धरून माझ्यापुढे आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "टीचर, हे माझे बाबा." तो माणूस गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. तिने हा शब्द त्याला यापूर्वी कधी म्हटलाच नव्हता.

म्हणून मी दोनशे पानी वही घातली. मुलांची वाक्यं जशीच्या तशी लिहायची, खाली तारीख आणि "का?" या प्रश्नाला मिळालेलं उत्तर. तूही घाल. पण ती वही तुझीच राहू दे. तुमच्या पिढीला अशी वाक्यं स्टेटसवर टाकायचा मोह होतो, ते मला दिसतं. पहिलीचं पोर स्टेटस वाचत नाही, पण त्याची आई वाचते, शेजारीण वाचते, आणि संध्याकाळी अंगणात त्याला तेच वाक्य दहा जण म्हणून दाखवतात.

गणेश चवथीच्या आधीचा आठवडा मोकळा ठेव. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना विचार, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला कुठली कुठली रानफळं बांधता? मी फळ्यावर सात-आठ नावं लिहून थांबले होते. मग मागच्या रांगेतला, ज्याला विसाच्या पुढे मोजायला घाम फुटायचा, तो उठला आणि कांगलां, कवंडाळ, घागऱ्या, तोरिंजन असं एकामागून एक सांगत सुटला. कुठलं कुठल्या डोंगराला मिळतं तेही. दुसऱ्या दिवशी तो खिसाभर सुक्या घागऱ्या घेऊन आला. प्रार्थनेला सगळे डोळे मिटून उभे, आणि मधूनच खुळखुळ, खुळखुळ. मी डोळा किलकिला करून बघितलं. तो अगदी भाविक चेहऱ्याने उभा होता, हात जोडलेले, फक्त कमरेपासून खाली हलत होता. त्याच घागऱ्यांवर आम्ही विसाच्या पुढे गेलो. शेंगेत बिया किती, दहा शेंगांत किती. पुढे तो शंभरावर पोचला.

बाकी काय सांगू? "टीचर, ताणें म्हाका मारलें" हे दिवसातून चाळीस वेळा ऐकायला येईल. त्यातल्या अडतीस वेळा तक्रार सांगून झाली की भांडण संपलेलं असतं, तू नुसती मान हलव. पहिलीचं कोणी पहिल्या दिवशी रडायला लागलं तर त्याला चौथीच्या मुलीशेजारी बसव, आईला खिडकीत उभी ठेवू नकोस. आणि छत्र्यांवर पहिल्याच दिवशी नावं घाल, रंगाने, दांड्यावर. चौदातल्या अकरा काळ्या असतात आणि शाळा सुटताना पाऊस हमखास असतो. रंगाची डबी माझ्याकडे अर्धी शिल्लक आहे, शनिवारी येऊन ने. येताना पोदेराकडचे चार उंडे पाव आण, इथला हल्ली आमच्या वाड्यावर येत नाही.

तुझी,
बाई