दारातली गाडी द्यायची, पण कुणाला आणि कशी?

प्रश्न : मी अमळनेर येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये घेतलेली माझी लहान पेट्रोल कार गेली दोन-अडीच वर्षे अंगणातल्या निंबाखाली उभी आहे. नोंदणीची पंधरा वर्षे संपली, विमाही संपला. मिस्त्री म्हणतो, 'गुरुजी, गाडी चांगली शे, नुसती उभी शे'. पण बॉनेटखाली उंदरांनी घर केले आहे आणि उन्हाने टायरांना भेगा पडल्या आहेत. मुलगी अमेरिकेत असते. तिच्या सांगण्याप्रमाणे तिकडे एक फोन केला की संस्थेची माणसे जुनी गाडी दारातून फुकट उचलून नेतात आणि आयकरासाठी पावतीही देतात. मलाही गाडी विकून चार पैसे मिळवण्यापेक्षा ती सातपुड्यातल्या एखाद्या आश्रमशाळेच्या कामी यावी असे वाटते. एका संस्थेचे नाव सांगणाऱ्या गृहस्थांनी फोनवर कळवले आहे, की 'टोचन लावून आम्हीच गाडी नेऊ, तुम्ही फक्त आरसी बुक द्या आणि टीटीओ फॉर्मवर सह्या करून ठेवा.' तसे करावे का, आणि आयकरात सूट मिळेल का?

उत्तर : कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, एवढे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण बाकीचे उत्तर लांबणार आहे आणि तोवर त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला तर घोटाळा नको.

आपल्या कन्येने सांगितले ते खरे आहे, पण त्यातला पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत गाडी नेणारी संस्था बहुतेक वेळा ती स्वतः वापरत नाही. गाडी लिलावात जाते, आलेल्या रकमेतून ओढून नेण्याचा आणि लिलावाचा खर्च वळता होतो आणि उरेल ते संस्थेच्या खात्यात जमा होते. पूर्वी देणारा माणूस गाडीची स्वतःच बाजारभावाने किंमत लावून तेवढी वजावट मागत असे. २००४ च्या कायद्याने ते आवरण्यात आले आणि २००५ पासून, ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट हवी असेल तर सर्वसाधारणपणे संस्थेला विक्रीतून जेवढे मिळाले तेवढीच धरली जाते. संस्थेने गाडी खरोखर आपल्या कामात वापरली किंवा एखाद्या गरजूला नाममात्र किमतीत दिली, तर त्याला अपवाद आहे. म्हणजे तिकडेही दारातून गाडी जाते आणि दान होते ते बहुधा पैशाचेच.

आपल्याकडे आयकराचा नियम याहून सरळ आणि कडक आहे. '८०जी' या नावाने आपण ओळखतो ती सूट फक्त पैशाच्या रूपातील देणगीला मिळते. गाडी, धान्य, कपडे, पुस्तके यांपैकी काहीही दिले आणि संस्थेने कितीही सुबक पावती दिली, तरी त्या वस्तूच्या किमतीची वजावट मिळत नाही. पैशांतही रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर सूट नाही. ती रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच गेली पाहिजे. शिवाय आपण नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल, तर ही सूट तिथे मुळातच नाही. त्यामुळे 'गाडी द्या आणि टॅक्स वाचवा' असे कुणी सांगत असेल, तर त्याला नियम ठाऊक नाही किंवा आपल्याला ठाऊक नसेल असे तो धरून चालला आहे.

आता सह्यांविषयी. ज्याला आपण टीटीओ फॉर्म म्हणतो ते म्हणजे नमुना २९ आणि नमुना ३०, अर्थात वाहन दुसऱ्याच्या नावावर करण्याची सूचना आणि अर्ज. एजंट मंडळी चेसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि उमटलेली छाप फॉर्मवर डकवतात, हे आपण पाहिले असेल. ती छाप, मूळ आरसी आणि आपली सही असलेला पण घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवलेला फॉर्म ज्याच्या हाती पडला, तो ती गाडी कुणाच्याही हवाली करू शकतो. आणि ती पाच हातांतून फिरली तरी दप्तरी मालक आपणच राहता. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हाच मुद्दा निकाली काढला. मूळ मालकाने गाडी २००७ मध्येच विकली होती, पुढे तिचे आणखी हस्तांतर झाले आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. आपल्या गाडीला तर विमाही नाही, म्हणजे अशा वेळी विमा कंपनी मध्ये उभी राहणार नाही, आणि भरपाईचा आकडा निवृत्तिवेतनाला पेलणारा नसतो.

गाडीच्या स्थितीकडे येतो. पंधरा वर्षे झाली की गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रातील निर्बंधांवरून आलेला आहे. खान्देशात पेट्रोल कारची नोंदणी नूतनीकरण करून पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी नमुना २५ चा अर्ज, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी लागते, आणि नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. उशीर झाला असल्यास दरमहा विलंब शुल्क वेगळे. नोंदणीची मुदत संपलेली गाडी संस्थेच्या नावावर चढवता येत नाही, तेव्हा हे सारे आधी आपल्याला करावे लागेल. त्यात टायर, बॅटरी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मिळवा आणि बेरीज करा.

ती बेरीज करूनही द्यायचीच म्हटले, तरी धडगाव-तोरणमाळच्या घाटात ही लहान, जमिनीलगत चालणारी गाडी काय कामाची, हा प्रश्न उरतोच. इथे घरचेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाने थोरल्या काकांची मारुती ८०० अशीच एका संस्थेला दिली. हार घातला, फोटो काढला. दीड वर्षाने मी तिकडे गेलो, तेव्हा गाडी आवाराच्या कोपऱ्यात होती. चारही चाकांतली हवा गेलेली, टपावर दोन शेळ्या ऐटीत बसलेल्या आणि मागच्या सीटवर जुन्या पाट्यांची रास. व्यवस्थापकांनी चहा पाजला आणि मग फार संकोचून विचारले, 'साहेब, यंदाचा विमा आपण भरता का?' त्यांची चूक नव्हती. ज्या संस्थेकडे चालक नाही आणि पेट्रोलचा पैसा नाही, तिला आम्ही एक खर्चाची बाब भेट दिली होती आणि ती नको म्हणण्याचे धाडस त्यांना झाले नव्हते.

म्हणून आपल्या गाडीबाबत माझा सल्ला असा आहे, की ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी आणि येतील ते पैसे आश्रमशाळेला धनादेशाने द्यावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी केंद्रे चालतात. परिवहन मंत्रालयाच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर केंद्रांची यादी आहे आणि अर्जही तिथेच करता येतो. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेले वाहन १८० दिवसांत अशा केंद्राकडे जमा करण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे, त्यामुळे नूतनीकरण करायचे नसेल तर गाडी निंबाखाली ठेवून काहीच साधणार नाही. केंद्र गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, ती चोरीच्या नोंदीत नाही ना, हे तपासते, गाडी ताब्यात घेतल्यावर ठेव प्रमाणपत्र देते आणि मोडल्यावर वाहन भंगार प्रमाणपत्र देते. ही दोन्ही कागदपत्रे आरसीइतकीच जपून ठेवा; नोंदणी रद्द होते ती त्यांच्याच आधारावर. गावातल्या भंगारवाल्याकडे यातले काहीच नसते. तो कदाचित दोन पैसे जास्तही देईल, पण त्याच्याकडून आपली नंबर प्लेट आणि चेसिसचा तुकडा कुठे जाईल याचा हिशेब कुणी देणार नाही.

किंमत किती येईल? वाहन भंगार धोरण जाहीर करताना सरकारने नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के असा अंदाज सांगितला होता. पाच लाखांच्या गाडीला तो वीस ते तीस हजार होतो. प्रत्यक्षात लोखंडाचा भाव आणि गाडीचे वजन यांवर ठरते. इथेच 'मोफत उचल' या शब्दांचा अर्थ नीट विचारून घ्यावा. केंद्र दूर असेल तर टोइंगचे भाडे कुणीतरी भरतेच. ते बहुधा आपल्या किमतीतून वजा झालेले असते. त्यात गैर काही नाही, पण दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा. घरात कुणी नवी गाडी घेणार असेल, तर ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि वाहन करातही राज्याने ठरवलेली सवलत मिळते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : माझे पती गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावरची २०१६ ची डिझेल गाडी उत्तम चालते, पण आमच्याकडे चालवणारे कुणी नाही. शहाद्याजवळ एक धर्मादाय दवाखाना आहे. विश्वस्तांनी गाडी नेण्याची तयारी दाखवली असून तिची रुग्णवाहिका करू असे ते म्हणतात. मुलगा आणि मुलगी दोघांची संमती आहे. काय करावे लागेल?

उत्तर : ताई, इथे गाडी देणेच योग्य आहे, कारण ती चालती आहे आणि घेणाऱ्याला तिचे काम आहे. मात्र जी गाडी अजून दप्तरी आपल्या नावावर नाही, ती आपल्याला देता येणार नाही. आधी नमुना ३१ भरून ती पतीच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि मुलांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे सोबत लागतील. नियमाने हे मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवे होते. उशीर झाला आहे, तेव्हा आणखी लांबवू नका. गाडी कर्जाने घेतली असेल आणि हप्ते फिटले असले, तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना-हरकत आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ घ्या. पुष्कळांचे घोडे नेमके इथेच अडते.

त्यानंतर दवाखान्याच्या विश्वस्त मंडळाकडे गाडी स्वीकारण्याचा लेखी ठराव आणि न्यासाचा नोंदणी क्रमांक मागा. जंगम वस्तूचे दान ताबा देऊन पूर्ण होते, त्यासाठी दानपत्र नोंदवणे सक्तीचे नाही. पण घेणाऱ्याचा स्वीकार कायद्याला हवा असतो आणि ठराव हा त्याचा चांगला पुरावा आहे. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचा आकडाही लिहा. सकाळी अकराला गाडी दिली आणि संध्याकाळी पाचला अपघात झाला, तर ती वेळच बोलते. हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यावयाची असते. नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयातून नाव बदलल्याची खात्री आपण स्वतः परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून करा, दवाखान्याच्या शब्दावर थांबू नका. फास्टॅग काढून बँकेकडे बंद करायलाही विसरू नका, नाहीतर त्यांच्या टोलचे पैसे आपल्या खात्यातून जातील.

रुग्णवाहिकेचा विचार मात्र विश्वस्तांनी सोडावा. सीट काढून स्ट्रेचर ठेवले आणि वर दिवा लावला की रुग्णवाहिका होत नाही. तिला एआयएस-१२५ हे वेगळे मानक आहे आणि गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. डॉक्टरांना पाड्यांवर नेणे, बाळंतिणीला घरी सोडणे, औषधे आणणे, ही कामे ती आहे तशीच करू शकेल. फक्त भाडे घेता येणार नाही, कारण ती खासगी वाहन म्हणून नोंदलेली आहे.

प्रश्न : मी धुळ्याचा. दीड वर्षापूर्वी 'संस्थेसाठी' म्हणून एकाने माझी जुनी गाडी दारातून मोफत नेली. पावती साध्या कागदावर आहे. आता माझ्या मोबाइलवर दुसऱ्या जिल्ह्यातले ई-चलन येत आहे. काय करू?

उत्तर : चलन भरून गप्प बसू नका. ज्या दिवशी गाडी दिली त्या तारखेसह नमुना २९ ची सूचना आपण एकट्यानेही आरटीओला देऊ शकता; ती उशिरा का होईना, पोचपावतीसह द्या आणि त्या कागदी पावतीची प्रत जोडा. तीच माहिती लेखी स्वरूपात आपल्या पोलीस ठाण्यात देऊन शिक्का घ्या, आणि ज्याने गाडी नेली त्याला रजिस्टर पोस्टाने नाव बदलण्याची नोटीस पाठवा. चलनावरचा फोटो जपून ठेवा. गाडी सध्या कुठे फिरते, हे त्यावरून कळते आणि पोलिसांना ती शोधायला तेच उपयोगी पडते. साध्या कागदाची ती पावती लॅमिनेट मात्र करू नका. न्यायालयात मूळ कागद आणि त्यावरची शाई पाहावी लागली, तर लॅमिनेशन अडचणीचे ठरते.