लेकीला जे दार उघडं, ते आईला का नाही?

प्रश्न : आमची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करते. घरमालकाविरुद्धचा तिचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात दाद मागता येते, असं तिला कोणी सांगितलं. ती भारतीय नागरिक आहे, चालेल का? इंदुरात आमचाही जमिनीचा दावा असाच रेंगाळला आहे. मग आम्हीही तिकडेच जावं का? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, मुलीला जाता येईल, तुम्हाला नाही. इंदूर खंडपीठात वकिली करताना हे कितीतरी पक्षकारांना समजावलंय आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटलंय.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं हे न्यायालय 1959 साली स्थापन झालं. 1950च्या युरोपीय मानवाधिकार करारातून ते उभं राहिलं. आज 46 देश त्या करारात आहेत. करारातले हक्क त्या देशांच्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येक माणसाचे आहेत, नुसत्या नागरिकांचे नाहीत. म्हणून तिचा भारतीय पासपोर्ट आड येत नाही. मात्र तक्रार घरमालकाविरुद्ध करता येणार नाही, ती जर्मन सरकारविरुद्धच असते : वाजवी मुदतीत निकाल मिळण्याचा, कलम 6 मधला हक्क डावलला म्हणून.

त्याआधी जर्मनीतले उपाय संपवावे लागतात आणि तिचं खरं काम तिथेच आहे. एका गृहस्थांचा शस्त्रपरवान्याचा वाद जर्मन न्यायालयांत तेरा वर्षं चालला होता. स्ट्रासबर्गने 2010 साली जर्मनीला दोषी ठरवलं आणि उशिरावर परिणामकारक उपाय करायला सांगितलं. 2011 साली जर्मनीने कायदा केला. आता ज्या कोर्टात दावा चालू आहे तिथेच ‘उशीर होतोय’ अशी लेखी हरकत नोंदवायची आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांनी भरपाईचा दावा लावायचा. मनस्तापाबद्दल साधारणपणे वर्षाला 1,200 युरो धरतात. हरकत नोंदवली नसेल तर मुलीला याच आठवड्यात वकिलाकडे पाठवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर कार्ल्सरुहेच्या घटनात्मक न्यायालयाचा टप्पा येतो आणि मग स्ट्रासबर्ग. तिथे गेल्यावरही मूळ दाव्याचा निकाल फिरत नाही. हक्कभंग झाला असं जाहीर होतं आणि भरपाई मिळू शकते.

आता तुमचं. भारत त्या युरोपीय करारात नाही, म्हणून ते दार तुम्हाला बंद. अमेरिका खंडासाठी कोस्टारिकात असं न्यायालय आहे, आफ्रिकेसाठी टांझानियात अरुशाला आहे. आशियासाठी एकही नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशच देशाविरुद्ध जाऊ शकतो. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 साली निकाल मिळाला, तोही भारत सरकारने केलेल्या दाव्यात. सामान्य माणसाला तिथे उभं राहता येत नाही. एवढ्या मोठ्या खंडातल्या माणसाला देशाबाहेर दाद मागायला एक दार असू नये, हे मला पटत नाही.

पण तुमचा हक्क तुमच्या राज्यघटनेत आहे. 1979च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी कलम 21 मध्ये धरली. ते प्रकरण कच्च्या कैद्यांचं होतं, तुमचा दावा दिवाणी. तरी खालच्या कोर्टाने ठरावीक मुदतीत निकाल द्यावा, अशी विनंती उच्च न्यायालयाला करता येते. असे आदेश होतात. मानवाधिकार आयोगाकडे मात्र जाऊ नका, कोर्टात चालू असलेल्या दाव्यात तो हात घालत नाही.

मुलीसाठी शेवटचं : देशातला अंतिम निकाल लागल्यापासून चार महिन्यांत स्ट्रासबर्गला अर्ज गेला पाहिजे, तोही टपालाने. फी नाही, सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही, इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. अर्धवट भरलेल्या अर्जाने मुदत थांबत नाही. आणि कागदांच्या प्रतीच जोडायला सांगा, मूळ कागद ते परत करत नाहीत.